खो देणे आणि खो घालणे



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे स्क्रीनकडे बघायला बंदी होती. आता स्वच्छ दिसते आहे, तेव्हा वहीत टिपून ठेवलेला एक विषय उतरवून काढतो. आत्ताच लिहायला एक कारणही घडले आहे. ते शेवटी सांगतो.

विषय आक्कामुळे सुचला. घरातल्या मंडळींना आक्का कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, माझी थोरली बहीण. जन्म १९४५ चा. ऐकायला कमी येते, पण नजर अजून घारीची. २०२५ च्या संक्रांतीला ती इथे तेरला माहेरपणाला आली होती. (ऐंशीच्या घरात माहेरपण! पण ती तसेच म्हणते, आणि तिला कोण अडवणार?)

त्याच आठवड्यात, १३ ते १९ जानेवारीला, दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक होता. पुरुषांचे २० संघ आणि महिलांचे १९. आपल्या मुलींचा पहिला सामना नेमका संक्रांतीच्या दिवशी, १४ तारखेला, दक्षिण कोरियाशी होता. तिळगूळ वाटून झाले आणि मी टीव्ही लावला. आक्का सुपारी कातरत बसली होती. थोड्या वेळाने अडकित्ता थांबला.

"आरं, ही आपली खो-खोच की!" ती म्हणाली. "पर माती कुठं हाय?"

माती नव्हती, मॅट होती. बूट होते, दिवे होते, समालोचन होते. सामना एकतर्फी झाला, १७५ विरुद्ध १८. या छोट्या स्वरूपात चार डाव असतात, प्रत्येकी सात मिनिटांचे, आणि एक गडी बाद केला की दोन गुण. म्हणून आकडा एवढा फुगतो. तरी १७५-१८ बघून मला हसू आले. मी म्हटले, "आक्का, काय ही स्पर्धा? समोरच्यांना धड बसताही येत नाही."

आक्का म्हणाली, "शिकत्यात त्या. तू हसू नगंस."

मास्तराला घरातच छडी बसली! पण तिचे खरे होते, आणि ते खरे आहे हे मला इतिहासातूनच ठाऊक असायला हवे होते.

तर आधी तो इतिहास. महिलांची व्हॉलीबॉलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्ट १९५२ मध्ये मॉस्कोला झाली. आठच देश आले होते. सोव्हिएत संघ पहिला, पोलंड दुसरा, चेकोस्लोव्हाकिया तिसरा. मग बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी, फ्रान्स. आणि आठवा? आठवा भारत. होय, आपल्या मुली १९५२ साली मॉस्कोत व्हॉलीबॉल खेळल्या. स्वातंत्र्याला पाच वर्षे झाली होती, व्हॉलीबॉलची राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन एखादे वर्ष झाले होते. आठांत आठव्या आल्या. संक्रांतीच्या दिवशी कोरियाच्या मुली जिथे उभ्या होत्या, तिथे त्या वर्षी आपल्या मुली उभ्या होत्या. तेव्हा मॉस्कोतला कोणी मास्तर हसला असेल, तर त्यालाही त्याच्या आक्काने दटावले असेल अशी आशा करतो.

मी स्वतः १९६० च्या सुमारास शाळेत होतो. शाळेत व्हॉलीबॉलची एक जाळी होती, दोन ठिकाणी सुतळीने शिवलेली. ती मुलांची. मुलींना कोणी 'तुम्ही खेळू नका' असे सांगितले नव्हते, पण जाळी मुलांची हे सगळ्यांना माहीत होते. मुलींसाठी मैदानाचा कडुलिंबाकडचा कोपरा. तिथे फक्कीने, नाहीतर काठीने, दोन रेषा ओढायच्या, दोन टोकांना दोन खांब रोवायचे, झाली खो-खो. ना चेंडू, ना जाळी, ना खर्च. फुकटचा खेळ म्हणून तो मुलींच्या वाट्याला आला आणि मुली त्यात तरबेज झाल्या.

परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. आमच्या वेळच्या खेळात आठ जणी मधल्या पाटीवर ओळीने बसायच्या, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे. नववी पाठलाग करायची. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. पळणारी मात्र कुठूनही कुठेही जाऊ शकते. मग पाठलाग करणारीने करायचे काय? बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणायचे आणि तिच्या जागी स्वतः बसायचे. ती उठून पळते. म्हणजे बसलेली मुलगी कितीही चपळ असो, मागून खो मिळाल्याशिवाय तिला उठता येत नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खेळ जुना असला तरी त्याला नियमात बसवले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ साली. बडोद्याच्या जिमखान्यानेही पुढे नियम छापले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यात खो-खोही होता. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, आणि पुढच्याच वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापुरात महिलांचीही सुरू झाली.

हे वर्ष मी वहीत लाल शाईने अधोरेखित केले आहे. कारण १९६० च्या वैशाखात आक्काचे लग्न झाले.

तिला पंधरावे सरून सोळावे लागले होते. तेव्हाच्या कायद्यात मुलीच्या लग्नाचे वय पंधराच होते. ते अठरा झाले १९७८ साली. कोणी काही बेकायदा केले नाही, कोणी दुष्टपणा केला नाही. वडिलांनी चांगले स्थळ बघितले, चांगले घर मिळाले. फक्त कडुलिंबाखालची सगळ्यात वेगवान मुलगी खेळातून उठली आणि परत बसली नाही. ती राष्ट्रीय स्पर्धेत खेळली असती असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. तेरची मुलगी तेव्हा कोल्हापूरला कशी पोचणार? पण स्पर्धा सुरू होणे आणि तिचा खेळ संपणे एकाच वर्षी घडले, हे मला त्या संक्रांतीच्या रात्री पहिल्यांदा जाणवले. पासष्ट वर्षे लागली मला ही दोन वर्षे शेजारी शेजारी मांडायला. इतिहास शिकवत होतो म्हणे!

हे आपल्याकडचेच मागासलेपण असे मात्र समजू नका. जपानची गोष्ट ऐका. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या व्हॉलीबॉलला पहिल्यांदा स्थान मिळाले. जपानच्या संघातल्या बहुतेक मुली ओसाकाजवळच्या काइझुका गावातल्या एकाच कापड गिरणीत कामाला होत्या. दिवसा काम, आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत सराव. दाइमात्सु नावाचे कडक प्रशिक्षक. चेंडूसाठी जमिनीवर झेप घ्यायची, कोलांटी मारून त्याच झटक्यात उभे राहायचे, ही त्यांची खास विद्या. १९६२ मध्ये मॉस्कोत जाऊन त्यांनी सोव्हिएत संघाला हरवले आणि जग जिंकले. त्यानंतर त्यातल्या अनेक जणींना खेळ थांबवायचा होता. पंचविशीत आल्या होत्या, घरी लग्नाचा विषय होता. पण ऑलिम्पिक आपल्याच देशात होणार, म्हणून लोकांनी गळ घातली आणि त्या दोन वर्षे थांबल्या.

२३ ऑक्टोबर १९६४ रोजी अंतिम सामन्यात त्यांनी सोव्हिएत संघाला ३-० असे हरवले. शेवटचा सेट १५-१३. त्या रात्री जपानमध्ये टीव्हीवर त्या सामन्याला ६६.८ टक्के प्रेक्षक लाभले, असा आकडा सांगतात. कर्णधार कासाई तेव्हा एकतीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले, आणि स्थळ कोणी जमवले? खुद्द पंतप्रधान सातो यांनी! खेळापायी लग्नाला वेळच मिळाला नाही, असे ती त्यांच्यापाशी बोलली होती.

वाचताना गंमत वाटते, पण मला त्यात एक गोष्ट दिसते. मुलींच्या स्पर्धेचा इतिहास लिहिताना आपण अमुक देश विरुद्ध तमुक देश असे लिहितो. खरी लढत बऱ्याच वेळा घरातल्या पंचांगाशी असते. जपानमध्ये सगळ्या देशाने मिळून ते पंचांग दोन वर्षे बाजूला ठेवले, म्हणून पदक आले. तेरमध्ये ते बाजूला ठेवायला कोणी नव्हते.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

१९८३-८४ ची गोष्ट असावी. मी जिल्ह्यातल्याच एका गावी शाळेत होतो. दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. पळताना खांबाशी अशी गिरकी घ्यायची की पाठलाग करणारी चार पावले पुढे निघून जायची. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली. बाहेरगावी चार दिवस जायचे होते. आदल्या आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. शेतकरी माणूस, डोक्याचा पटका हातात घेऊन उभा.

"गुरुजी, पाठवू का पोरीला? तुमी सांगाल तसं."

मंडळी, 'पाठवा' एवढे तीन अक्षरी उत्तर होते. तो माणूस माझ्या शब्दासाठी दोन कोस चालत आला होता. आणि मी काय म्हणालो? "दहावीचे वर्ष आहे. बघा बाबा, तुम्हीच ठरवा."

त्याने ठरवले. मुलगी गेली नाही. दहावीला तिला बरे गुण पडले, पण त्याच उन्हाळ्यात लग्न झाले. म्हणजे ज्या अभ्यासाचे कारण मी पुढे केले, तो अभ्यासही तिथेच संपला. पुढे बऱ्याच वर्षांनी ती इथे गोरोबाकाकांच्या यात्रेत भेटली. वाकून नमस्कार केला. मुलांची शिक्षणे सांगितली. मी पावसापाण्याचे बोललो. त्या चार दिवसांचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

आपल्या भाषेत एक चमत्कार आहे. 'खो देणे' म्हणजे बसलेल्याला उठवणे. आणि 'खो घालणे' म्हणजे चालत्या कामात अडथळा आणणे. शब्द तोच, क्रियापद बदलले की अर्थ उलटा. चाळीस वर्षे व्याकरण शिकवले, पण हा फरक माझ्यावरच लागू होतो हे टीव्हीसमोर बसल्यावर कळले. मला वाटत होते की मी काहीच केले नाही, नुसता तटस्थ राहिलो. पण या खेळात मागच्याने पाठीवर हात मारला नाही तर बसलेली बसूनच राहते. माझा तटस्थपणा म्हणजे घातलेला खोच होता.

असो. आता चांगले सांगतो.

याच जिल्ह्यात, ज्याला २०२३ पर्यंत आपण उस्मानाबाद म्हणत होतो, पुढे वेगळे घडले. सारिका काळे हे नाव तुम्ही ऐकले असेल. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची ती कर्णधार. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो तब्बल २२ वर्षांनी मिळाला. तिने मुलाखतीत सांगितले आहे की घरी दिवसातून एकदाच जेवण मिळेल असे दिवस होते, आणि शिबिराला किंवा स्पर्धेला गेले की नीट जेवायला मिळायचे. २०१६ मध्येच घरच्या ओढगस्तीला कंटाळून तिने खेळ सोडायचे ठरवले होते. खोलीत दार लावून बसली. तेव्हा तिच्या आजीने ते प्रशिक्षक चंद्रजित जाधवांच्या कानावर घातले. त्यांनी समजावले आणि ती मैदानावर परतली.

त्या आजीकडे बघा. ना खेळाचे नियम शिकलेली, ना बीए झालेली. पण कोणाला सांगायचे आणि कधी सांगायचे ते तिला कळले. यालाच खो देणे म्हणतात.

तरी एकट्या आजीने आणि एकट्या प्रशिक्षकाने हे घडत नाही. रोज संध्याकाळी चालू राहणारे मैदान लागते. बरोबरीच्या मुली लागतात, म्हणजे बाहेरगावी जाताना एकटी मुलगी जात नाही, संघ जातो, आणि बापाची काळजी निम्मी होते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आले. २००५ पासून राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आले. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. गावातल्या बापाला पदकाचे वजन कळो न कळो, सरकारी नोकरीचे नक्की कळते. खेळ म्हणजे लग्नाआधीचा पोरखेळ, हा हिशेब त्यामुळे मोडला. मैदानात घडायचे ते घडलेच, पण घराच्या उंबऱ्यावर जे घडले ते जास्त मोठे, असे मला वाटते.

आणि म्हणून २०२५ च्या विश्वचषकात भारताच्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. कर्णधार प्रियंका इंगळेही महाराष्ट्राचीच. आक्काने एकही सामना चुकवला नाही. इराणला १००-१६, मलेशियाला १००-२०, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशाला १०९-१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६-१६. मी आकडे लिहून घेत होतो आणि ती पाय बघत होती. "ती पोरगी बघ, खांबाच्या आधीच वाकती. म्हणून घावती." पुढच्याच क्षणी ती पोरगी बाद! समालोचकाच्या आधी आक्का सांगायची.

१९ तारखेला, रविवारी, नेपाळशी अंतिम सामना झाला. तो मात्र एकतर्फी नव्हता. निम्मा सामना झाला तेव्हा ३५-२४ होते आणि माझा चहा गार झाला होता. तिसऱ्या डावात आपल्या मुलींनी धडाका लावला आणि शेवटी ७८-४० ने विश्वचषक जिंकला. शेवटच्या डावात आपली एक तुकडी पाच मिनिटांहून अधिक वेळ पळत राहिली, नेपाळच्या हाती लागेना. त्या पाच मिनिटांत आक्काने सुपारीला हात लावला नाही. गुडघ्यावर ठेवलेली तिची बोटे नुसती हलत होती, इकडे, तिकडे, इकडे.

सामना संपल्यावर मी विचारले, "आक्का, तुला वाईट वाटतं का गं? तुझं राहिलं म्हणून?"

"कशाचं वाईट? संसार झाला की चांगला." मग थोडे थांबून म्हणाली, "पर आजून चार वर्षं खेळायला मिळालं आसतं तर काय बिघडलं आसतं?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, कारण काहीच बिघडले नसते.

आमचे तेर म्हणजे पूर्वीचे तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या टिपणात इथल्या तलम कापडाचा उल्लेख आहे. ते कापड भडोचच्या बंदरात जायचे आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे. पण त्याच टिपणात असेही आहे की तो माल बैलगाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून न्यावा लागे. वर्गात मी कापडाचे अभिमानाने सांगायचो. गाडीवाल्यांचे सांगायचे राहून जायचे. तलम कापड विणणारे गाव आपल्या जागी थोर, पण कोणी गाडी जुंपली नसती तर ते नाव भडोचच्या पुढे गेले नसते.

आता शेवटी, आत्ताच हे का लिहिले त्याचे कारण.

आपल्याच नात्यातल्या एका घरात सध्या एका मुलीवरून चर्चा चालू आहे. विभागीय संघात निवड झाली आहे, पाच दिवस बाहेरगावी जायचे आहे. नावे घेत नाही, ज्यांना समजायचे त्यांना समजेल. खेळ खो-खो नाही, व्हॉलीबॉल आहे. सुतळीने शिवलेली ती जाळी एकदाची मुलींच्या हाती आली म्हणायची! परवा फोनवर मला विचारले गेले, "काका, तुम्हाला काय वाटतं? दहावीचं वर्ष आहे." फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून इथे लिहितो, सगळ्यांसमोर.

दहावीचे वर्ष आहे हे मला माहीत आहे. पाच दिवसांत किती धडे बुडतात तेही माहीत आहे, आयुष्यभर तेच मोजत आलो. बुडालेले धडे मी घेईन. मराठी, इतिहास, भूगोल माझ्याकडे. गणिताला दुसरे कोणी बघा, ते मला तेव्हाही येत नव्हते.

पाठवा.